चार सेल, दोन रेझिस्टर आणि न जुळणारा पॉवरचा हिशेब

वेटोळे

मंडळी, सर्किट अगदी साधं आहे, पण हिशेब दोन्हीकडून वाकडा येतोय. भाचीला वीज शिकवायला बसलो होतो. पुस्तकातली गणितं ती भराभर सोडवते, म्हणून म्हटलं एक सर्किट खरंच जोडू आणि कागदावरचा आकडा मीटरवर येतो का ते बघू. तो काही येत नाहीये, आणि आता ती माझ्याकडे फार संशयाने बघते.

सामान असं: डबल-ए आकाराचे चार नवे अल्कलाइन सेल, स्प्रिंगवाला प्लॅस्टिकचा होल्डर, एक १० ओहमचा आणि एक २२ ओहमचा रेझिस्टर. दोन्ही पांढरे, सिमेंटचे, ५ वॅटचे. मीटर साधा डिजिटल, २० व्होल्टच्या रेंजवर. करंट कुठेच मोजला नाही. फक्त व्होल्टेज घेतलं आणि त्यावरून पॉवर काढली.

कागदावर आम्ही असं मांडलं. चार सेल, प्रत्येकी दीड, म्हणजे ६ व्होल्ट. एकसर जोडणीत एकूण रोध ३२ ओहम, म्हणून पॉवर ३६ भागिले ३२, म्हणजे १.१२५ वॅट. समांतर जोडणीत १० ओहमला ३.६ वॅट, २२ ओहमला १.६४ वॅट, मिळून ५.२४ वॅट.

आता मीटर काय म्हणतो:

काहीच न जोडता होल्डरच्या टोकांना: ६.२८ व्होल्ट
एकसर: १० ओहमवर १.९० व्होल्ट, २२ ओहमवर ४.१९ व्होल्ट
समांतर: दोघांवर ५.४८ व्होल्ट

यावरून एकसरमध्ये ०.३६ आणि ०.८०, मिळून १.१६ वॅट. समांतरमध्ये ३.०० आणि १.३७, मिळून ४.३७ वॅट.

म्हणजे एकसर जोडणीत कागदापेक्षा थोडं जास्त आणि समांतरमध्ये कागदापेक्षा बरंच कमी. दोन्हीकडे जास्त किंवा दोन्हीकडे कमी आलं असतं तर मीटरवर ढकलून मोकळा झालो असतो. एकदा वर आणि एकदा खाली, हे काय प्रकरण आहे?

दुसरा प्रश्न भाचीचा, तिच्याच शब्दांत: "आय स्क्वेअर आर म्हणतं मोठा रेझिस्टर जास्त तापणार. व्ही स्क्वेअर बाय आर म्हणतं छोटा जास्त तापणार. दोन्ही सूत्रं एकाच पानावर आहेत. मग खोटं कोण बोलतंय?" हात जवळ नेऊन बघितलं तर एकसरमध्ये २२ ओहमचा जास्त गरम होता, आणि समांतरमध्ये १० ओहमच्या जवळ बोट नेववत नव्हतं.

तिसरा माझा: या चार सेलमध्ये एकूण किती ज्यूल ऊर्जा आहे ते कसं काढायचं? सेलवर मिलिअँपिअर-तास वगैरे काहीच छापलेलं नाही.

धनऋण

रेझिस्टरवर टॉलरन्स किती लिहिलंय? सिमेंटवाल्यांवर बहुतेक 'J' हे अक्षर असतं, म्हणजे पाच टक्के. १० ओहमचा साडेनऊही असू शकतो आणि साडेदहाही. एवढा फरक त्यातच येतो. परीक्षेच्या दृष्टीने ६ व्होल्ट धरून काढलेलं उत्तरच बरोबर. गणितात अंतर्गत रोध दिलेला नसेल तर तो शून्य धरायचा असतो. प्रॅक्टिकल आणि गणित यांची गल्लत केली की मुलं गोंधळतात.

सोल्डरचा धूर

धनऋण, टॉलरन्सवर एवढं सगळं ढकलता येणार नाही. समांतर जोडणीत मीटरने रेझिस्टर मोजलेलाच नाही, होल्डरच्या टोकांतलं व्होल्टेज मोजलं आहे. सेल जर खरोखर ६ व्होल्ट धरून बसणारे असते, तर रेझिस्टर साडेनऊचा असो की साडेदहाचा, टोकांवर ६ च दिसले असते. दिसले ५.४८. तेव्हा फरक सेलच्या बाजूला आहे. शिवाय वेटोळे यांचे एकसरचे आकडे बघा. १.९० भागिले ४.१९ म्हणजे ०.४५३. दहा भागिले बावीस म्हणजे ०.४५५. दोन्ही रेझिस्टर एकमेकांशी नीट प्रमाणात आहेत, त्यांना उगाच बोल लावू नका.

वेटोळे, तुम्ही करंट न मोजता नुसतं व्होल्टेज घेतलंत हे फार चांगलं केलंत. मीटर करंटच्या रेंजवर लावला की त्याचा शंट (करंट मोजण्यासाठी मीटरच्या आत बसवलेला छोटा रोध) आणि त्याच्या वायरी सर्किटमध्ये येऊन बसतात. एकूण सात ओहमच्या सर्किटात त्यांचाही हिस्सा दिसायला लागतो. रोध माहीत असलेल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज घेणं, हाच करंट मोजण्याचा सभ्य मार्ग. उपकरणं दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, आणि अजूनही मी आधी व्होल्टेजच बघतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही सेलवरचा छापील आकडा घेतलात. दीड व्होल्ट हे सेलचं नाव आहे, माप नाही. कोरा अल्कलाइन सेल काहीही न जोडता १.५५ ते १.६ च्या आसपास दाखवतो. तुमचे चार मिळून ६.२८, म्हणजे प्रत्येकी १.५७. हे तुमचं ई, विद्युतचालक बल. आणि सेलच्या पोटात एक रोध असतो, त्याला पुस्तकात स्मॉल आर म्हणतात. करंट बाहेर पडताना त्या रोधातूनही जातो आणि तिथे थोडं व्होल्टेज ठेवून येतो.

तो किती ते तुमच्याच आकड्यांतून निघतं. नवीन काही मोजायची गरज नाही.

एकसर: करंट म्हणजे १.९० भागिले १०, ०.१९० अँपिअर. टोकांवर १.९० अधिक ४.१९, ६.०९ व्होल्ट. ६.२८ मधून ६.०९ गेले, उरले ०.१९ व्होल्ट. त्याला ०.१९० ने भागा: १ ओहम.

समांतर: करंट ०.५४८ अधिक ०.२४९, म्हणजे ०.७९७ अँपिअर. ६.२८ वजा ५.४८, ०.८० व्होल्ट. भागिले ०.७९७: पुन्हा १ ओहम.

दोन वेगळ्या जोडण्या, करंट चौपटीहून जास्त, आणि उत्तर तेच. असं झालं की समजायचं, मीटर ठीक आहे, रेझिस्टर ठीक आहेत आणि मोजणाराही ठीक आहे. भाचीबाईंना सांगा, मामांवरचा संशय मागे घ्या.

वर-खाली का झालं ते आता उघड आहे. खरी सुरुवात ६ वरून नाही, ६.२८ वरून होते. एकसरमध्ये करंट कमी, म्हणून आत फक्त ०.१९ व्होल्ट गेले आणि तरीही टोकांवर ६ पेक्षा जास्तच उरले. समांतरमध्ये आत ०.८० गेले आणि टोकं ६ च्या बरीच खाली आली. त्यात पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. ६.०९ भागिले ६, त्याचा वर्ग १.०३, म्हणून तीन टक्के जास्त. ५.४८ भागिले ६, त्याचा वर्ग ०.८३, म्हणून जवळपास सतरा टक्के कमी. तुमचे आकडे बरोबर इतकेच सरकलेत.

आता ताळा करा. ताळा जमला नाही तर पॉवरचा हिशेब झाला असं मी म्हणत नाही.

समांतर: सेलमधल्या रसायनाने दिली ६.२८ गुणिले ०.७९७, म्हणजे ५.०० वॅट. बाहेर रेझिस्टरमध्ये ४.३७. आत ०.७९७ चा वर्ग गुणिले १ ओहम, म्हणजे ०.६३. बेरीज ५.००.

एकसर: रसायनाने दिली १.१९, बाहेर १.१६, आत जेमतेम ०.०४. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे तोडल्यामुळे शेवटचा अंक इकडे-तिकडे होतो, तो सोडून द्या.

म्हणजे एकसरमध्ये ९७ टक्के बाहेर पोचतं आणि समांतरमध्ये ८७ टक्के. उरलेलं सेललाच गरम करतं. मजा म्हणजे ज्यूलने १८४१ मध्ये तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून करंटच्या वर्गाचा नियम काढला (तुमचं नाव वाचून आठवलं), तेव्हा त्याच निबंधात बॅटरीच्या घटांमधल्या उष्णतेचाही विचार केला होता. तारेत जाणारं आणि घटात राहणारं, दोन्ही त्याच्या वहीत होतं. शालेय गणितात पुढे दुसरा रकाना गाळला गेला, एवढंच.

भाचीच्या प्रश्नाबद्दल. कोणीही खोटं बोलत नाहीये. मूळ सूत्र एकच, व्ही गुणिले आय. बाकी दोन त्यातूनच निघालीत. विचारायचं ते इतकंच: दोन रेझिस्टरमध्ये समान काय आहे? एकसरमध्ये करंट समान, म्हणून आय स्क्वेअर आर लावून तुलना करायची आणि मोठा रेझिस्टर जास्त तापतो. समांतरमध्ये व्होल्टेज समान, म्हणून व्ही स्क्वेअर बाय आर, आणि छोटा जास्त तापतो. तुमच्या आकड्यांत दोन्ही वेळा पॉवरचं गुणोत्तर २.२ च आहे. एकदा २२ ओहमवाल्याच्या बाजूने, एकदा १० ओहमवाल्याच्या. "रोध वाढला की पॉवर वाढते का?" या प्रश्नाला, दुसरं काय स्थिर ठेवलंय हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आणि व्ही म्हणजे त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांतलं व्होल्टेज. त्यात ६.२८ घातलंत तर समांतरला ५.७४ वॅट येईल. तो आकडा या सर्किटात कुठेच अस्तित्वात नाही.

एक इशारा. हेच सर्किट कोणी पाव वॅटच्या बारक्या रेझिस्टरवर करू नये. १० ओहमवर ३ वॅट म्हणजे त्याच्या ऐपतीच्या बारापट. आधी वास येईल, मग रंगाचे पट्टे काळे पडतील. एकसरमध्येसुद्धा ०.३६ आणि ०.८० दोन्ही पाव वॅटच्या वरच आहेत. माझी सवय रेटिंगच्या निम्म्यापर्यंतच चालवायची. त्या हिशेबाने तुमचा ५ वॅटवाला १० ओहम थोडा जास्तच राबतोय, पण थोड्या वेळापुरता चालेल. बोट मात्र लावू नका.

ऊर्जेचं उद्या लिहितो. तोवर दोन गोष्टी कराल का? समांतर जोडणी चालू असताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं घ्या, प्रोब थेट सेलच्या धातूवर टेकवून, स्प्रिंगवर नाही. आणि सर्किट दहा मिनिटं चालू ठेवून टोकांचं व्होल्टेज दर पाच मिनिटांनी लिहून ठेवा.

वेटोळे

संशय मागे घेतला गेला आहे, पण तात्पुरता.

सेलचा नवा संच घातला. जोडल्याजोडल्या टोकांवर पुन्हा ५.४८ च आले. मग एकेका सेलवर प्रोब टेकवले: १.४०, १.४०, १.३९, १.४१. बेरीज ५.६०. होल्डरच्या वायरींच्या टोकांना मात्र ५.४८. मधले ०.१२ व्होल्ट कुठे गेले ते शोधायला भाचीने एक प्रोब सेलच्या बुडाला आणि दुसरा त्याच्या स्प्रिंगच्या मागच्या पत्र्याला लावला. मीटर मिलिव्होल्टवर घेतला तर तिथे चक्क काहीतरी दिसत होतं! सेल होल्डरमध्ये जरा फिरवला की आकडा बदलतो. एका स्प्रिंगवर पांढुरका थर होता, तो घासल्यावर आकडा खाली आला. हा खेळ तिला गणितापेक्षा जास्त आवडला.

दहा मिनिटांचं असं: सुरुवातीला ५.४८, पाच मिनिटांनी ५.२४, दहा मिनिटांनी ५.१०. वायर काढल्यावर व्होल्टेज एकदम वर उडालं आणि मग हळूहळू चढत राहिलं. सहाच्या वर जाऊनही रेंगाळत चढतच होतं.

आता इथे अडलो. पॉवरच बदलते आहे, मग ऊर्जा काढताना पॉवर गुणिले वेळ यात पॉवर कुठली घालायची? सुरुवातीची, शेवटची की मधली?

सोल्डरचा धूर

स्प्रिंगचं भाचीबाईंनी छान पकडलं. ०.१२ व्होल्ट भागिले ०.८ अँपिअर म्हणजे ०.१५ ओहम. आपण जो १ ओहम अंतर्गत रोध म्हणत होतो, त्यातला ०.१५ सेलचा नव्हताच. तो स्प्रिंगा, पत्रे आणि वायरींचा. उरले ०.८५, म्हणजे प्रत्येक सेलला ०.२१. कोऱ्या अल्कलाइन डबल-एला हे शोभेलसं आहे. स्प्रिंगांमध्ये साधारण ०.१ वॅट जातोय. ऐकायला कमी वाटतं, पण "सेल नवे घातले तरी उपकरण नीट चालत नाही" म्हणून माझ्याकडे जे यायचं, त्यातलं बरंचसं नुसती स्प्रिंग घासून परत जायचं.

तुमच्या वाचनांत चारही सेल सारखे आहेत. एखादा १.१ वगैरे दाखवत असता तर तोच दुखणेकरी. नुसता सेल हातात घेऊन मोजला असता तर तो कदाचित साळसूदपणे दीड दाखवून गेला असता. लोड लावल्याशिवाय सेलची परीक्षा होत नाही.

आता ऊर्जा. पॉवर बदलत असेल तर वेळेचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी पॉवर घ्या. बाहेरचा एकत्रित रोध ६.८७५ ओहम. सुरुवातीला ४.३७ वॅट, पाच मिनिटांनी ३.९९, दहा मिनिटांनी ३.७८.

पहिली पाच मिनिटं: सरासरी ४.१८ गुणिले ३०० सेकंद, १२५४ ज्यूल.
दुसरी पाच: सरासरी ३.८९ गुणिले ३००, साधारण ११६६ ज्यूल.
एकूण २४२० ज्यूल.

नुसती सुरुवातीची पॉवर धरली असती तर २६२२ आले असते, आठ टक्के फुगवून. आलेखाच्या कागदावर पॉवर उभी आणि वेळ आडवी काढलीत तर त्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजेच हे २४२०. भाचीबाई पुढे कधीतरी इंटिग्रेशन शिकतील, तेव्हा त्यांना ते ओळखीचं वाटेल. एवढ्या उष्णतेने १०० ग्रॅम पाण्याचं तापमान पावणेसहा अंश सेल्सिअसने वाढेल. रेझिस्टरला मात्र ती सगळी एवढ्याशा अंगावर झेलावी लागली, म्हणून बोट नेववत नव्हतं.

व्होल्टेज घसरलं आणि वायर काढल्यावर हळूहळू चढलं, हे नुसत्या स्मॉल आरचं काम नाही. रोधावरचा व्होल्टेज ड्रॉप करंट थांबताच जागच्या जागी नाहीसा होतो. तुमचं व्होल्टेज "एकदम वर उडालं" तो हा भाग. जे रेंगाळत चढतं ते रसायन. सेलच्या आत पदार्थांना एकीकडून दुसरीकडे सरकायला वेळ लागतो, जोरात करंट ओढला की पुरवठा मागे पडतो आणि विश्रांती दिली की पुन्हा समतोल होतो. म्हणून स्मॉल आर काढायचा तर वाचनं झटपट घ्यायची.

आता सेलमधली एकूण ऊर्जा. मिलिअँपिअर-तास हे ऊर्जेचं एकक नाही, विद्युतभाराचं आहे. १ मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.६ कूलोम. ऊर्जेसाठी त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. अल्कलाइनवर तो आकडा छापत नाहीत, कारण तो तुम्ही सेल कसा वापरता त्यावर फार बदलतो. रिचार्जेबल सेलवर असतो. हलक्या करंटला अल्कलाइन डबल-ए साधारण २००० ते ३००० च्या दरम्यान देतो. आपण २५०० धरू, म्हणजे ९००० कूलोम.

चार सेल एकसर आहेत, तेव्हा भार चौपट होत नाही. तोच ९००० कूलोम चारही सेलमधून जातो. व्होल्टेज तेवढं चौपट होतं. "चार गुणिले २५०० म्हणजे दहा हजार, आणि वर सहा व्होल्ट" असं दोन्हीकडून गुणणारे लोक मी बरेच पाहिलेत. त्यांच्या हिशेबाने बॅटऱ्या जन्मभर चालाव्यात.

व्होल्टेज पूर्ण आयुष्यात १.५७ वर राहत नाही, उतरत उतरत ०.९ च्या आसपास येतं. सरासरी प्रत्येकी १.२ धरा, चारांचे ४.८. मग ९००० गुणिले ४.८, ४३,२०० ज्यूल. ३६०० ने भागलं की १२ वॅट-तास. घरच्या मीटरचा एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. असे ८३ संच रिकामे केले की एक युनिट होतो.

एकसर जोडणीत हा हिशेब चालेल. सरासरी ४.८ व्होल्ट भागिले ३२ म्हणजे ०.१५ अँपिअर, आणि २५०० भागिले १५० म्हणजे सोळा-सतरा तास. समांतर जोडणीला मात्र हा भागाकार लावू नका. पाऊण-एक अँपिअर ओढलात की २५०० मिळतच नाहीत, निम्म्यावरही येऊ शकतात, आणि त्यातलाही बराच हिस्सा सेलच्या पोटातच जळतो. तुमच्या दहा मिनिटांत साधारण ४६० कूलोम गेले. त्याला ६.२८ ने गुणलं तर साधारण २८९० ज्यूल. बाहेर मिळाले २४२०. उरलेले सेलने आणि स्प्रिंगांनी खाल्ले.

शून्यओहम

छान चाललंय. माझी एक शंका. एकसरमध्ये ३२ ओहमला १.१६ वॅट, समांतरमध्ये ६.९ ओहमला ४.३७. म्हणजे बाहेरचा रोध जितका कमी तितकी पॉवर जास्त. मग पाव ओहम लावला तर आणखी जास्त मिळेल ना? मर्यादा कुठे येते?

सोल्डरचा धूर

मर्यादा १ ओहमवर येते. बाहेरचा रोध आतल्या रोधाइतका झाला की बाहेर सर्वांत जास्त पॉवर मिळते. करंट ६.२८ भागिले २, ३.१४ अँपिअर. बाहेर ९.८६ वॅट आणि आतही तेवढेच. त्याच्याही खाली गेलात की बाहेरची पॉवर घटायला लागते. पार शून्य केलात, म्हणजे शॉर्ट, तर करंट ६.२८ अँपिअर, पॉवर ३९ वॅट, आणि सगळी सेलच्या आत. बाहेर शून्य. तुमचं नाव घेऊन सांगतो, तो प्रयोग करू नका. सेल गळतात, फुटूही शकतात.

कागदावर मात्र एक मजेशीर गोष्ट करून बघा. बाहेर २ ओहम लावा आणि मग अर्धा ओहम लावा. दोन्ही वेळा बाहेर ८.७६ वॅटच येतात. पण २ ओहमला रसायनाकडून १३ वॅट ओढावे लागतात आणि अर्ध्या ओहमला २६. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही रेझिस्टर सारखेच गरम दिसतील. म्हणून "जास्तीत जास्त पॉवर" आणि "सेलचा चांगला वापर" या दोन निराळ्या मागण्या आहेत. अँटेनाच्या कामात पहिली चालते. सेलवर चालणाऱ्या वस्तूत कोणी शहाणा माणूस ती करत नाही.

आणि हे सगळं स्मॉल आर कायम १ ओहमच राहतो असं धरून. तीन-चार अँपिअर ओढल्यावर डबल-ए सेल इतका शिस्तीत वागणार नाही.

वेटोळे

२ आणि अर्धा ओहमचं गणित भाचीने करून बघितलं. मग तिने ४ आणि पावसुद्धा केलं, तेही जुळलं. आता तिला २२ ओहमच्या जागी टॉर्चचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावायचा आहे. मीटरवर त्याचा रोध मोजून व्ही स्क्वेअर बाय आर लावलं तर चालेल ना?

सोल्डरचा धूर

४ आणि पाव जुळणारच, दोघांचा गुणाकार स्मॉल आरचा, म्हणजे १ चा वर्ग येतो. तिला विचारा, स्प्रिंगा आणखी घासून स्मॉल आर ०.९ केला तर २ ची जोडी कोण.

बल्बला ते चालणार नाही. मीटर थंड फिलामेंटचा रोध दाखवतो. पेटलेल्या बल्बचा रोध त्याच्या कित्येक पट असतो, दहापटीच्या घरातसुद्धा. थंड रोध घालून काढलेली पॉवर पाहून तुम्हाला वाटेल बल्ब आता वितळणार. बल्बबरोबर एकसरमध्ये तुमचा १० ओहम ठेवा. त्याच्यावरचं व्होल्टेज भागिले १० म्हणजे करंट. त्याला बल्बच्या टोकांवरच्या व्होल्टेजने गुणा, ती बल्बची पॉवर. व्ही गुणिले आय कुठल्याही वस्तूला चालतं, बल्ब असो, एलईडी असो की मोटर. बल्बचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्या धातूच्या टोपीवर कोरलेले असतात. ते आधी वाचा, म्हणजे किती सेल लावायचे ते कळेल.